हिरव्या फायलीतलं पत्र

बसा, चहा टाकलाय. आणि हसायचं असेल तर अगदी मोकळेपणानं हसा. देवनहळ्ळीत तीस माणसं माझ्या तोंडावर हसून झालीत, तुमच्या हसण्यानं आता माझं आणखी काय वाकडं होणार?

तर मी ऐतिहासिक प्रेमकथा लिहिते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अकरा कादंबऱ्या झाल्या. तलवार, घोडा, बुरूज, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत एकमेकांना न भेटणारी दोन माणसं! सर्जापूर रोडवर नवव्या मजल्यावर बसून मी तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं बेंगळुरू लिहिते. खाली पाण्याचा टँकर पीं पीं करत मागे येत असतो, आणि वर माझा नायक घोड्यावरून दौडत येत असतो. सवय झालीय दोघांनाही.

माझे नायक बोलतात फार छान. एकदा सुरू झाले की दोन-दोन पानं श्वास घेत नाहीत. आणि आमचे हे? श्रीधरपंत? सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनियर, गेल्या वर्षी निवृत्त झाले. दिवसाला तीन वाक्यं. त्यातलं एक "गॅस बंद केलास का?"

पण माझ्या कामात त्यांचा हात मोठा, हे कबूल करते. प्रत्येक प्रकरण तेच छापतात, तेच तपासतात. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहितात, "घोडा एका रात्रीत दोनशे कोस जाणार नाही." "पान बारावर अमावस्या आहे, पान चौदावर चांदणं कसं?" मी चिडते, मग गुपचूप चांदणं काढून टाकते.

आता मूळ पापाकडे येऊ. गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळात माझी मुलाखत झाली. कुणीतरी विचारलं, "मूळ कागद तुम्ही स्वतः वाचता?" मी मान जराशी तिरकी करून म्हटलं, "मोडी वाचल्याशिवाय इतिहासाचा श्वास ऐकू येत नाही." टाळ्या! खरं सांगू? पुण्यात तरुणपणी मोडीच्या वर्गाला नाव घातलं होतं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवसापासून वर्गाशेजारच्या हॉटेलात गेले.

पुढचा प्रश्न आला, "तुमचा नायक कुणावरून सुचतो हो? घरातूनच का?"

"छे छे! आमच्या ह्यांच्यावरून तर मुळीच नाही! ह्यांनी आयुष्यात मला एक ओळ लिहिली नाही, किराणा मालाची यादी सोडून!"

सभागृह कोसळलं हसून. पहिल्या रांगेत बसलेले हेही हसले. मला वाटलं, काय खिलाडू माणूस आहे.

त्यानंतर दर मंगळवारी हे देवनहळ्ळीला जायला लागले. दोन बस बदलून, के. आर. पुरमवरून. "कशाला?" तर "गोविंदराव अण्णांच्या शेतावर." येताना प्रत्येक वेळी एक पपनस. डोक्याएवढं! फ्रिज उघडला की पपनस, टेबलावर पपनस. निवृत्त माणसाला छंद हवा, म्हणून मी काही बोलले नाही.

हे गोविंदराव अण्णा म्हणजे देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळ राहणारे जुने गृहस्थ. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच होऊन गेले, त्या मराठी घराण्यांपैकी. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि मोडी मात्र आपण पेपर वाचतो तशी वाचतात. त्यांनीच मला घरातल्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. त्या माझ्या हिरव्या फायलीत. ती फाइल म्हणजे माझी खाण. शेवट अडला की मी ती उघडते, नुसती उघडते, अक्षरांकडे बघते, आणि भारावते. वाचता कुठं येतंय!

आणि या वेळी शेवट अडला होता. बारावी कादंबरी, प्रकाशकांचे फोन, आणि नायक-नायिकेला भेटवायचं की नाही तेच ठरेना. एका सोमवारी सकाळी फाइल उघडली. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात एक अस्सल कागद!

हातकागद. पिवळट तपकिरी. कडा विरलेल्या. मोडीच्या बारा ओळी, शाईनं लिहिलेल्या. म्हटलं, अण्णांच्या गठ्ठ्यातून चुकून मूळ कागदच आला! मी तो नाकाशी नेला. काय वास होता! जुना, उबदार आणि विलक्षण ओळखीचा. इतका ओळखीचा की मला वाटलं, हे गेल्या जन्मीचं नातं.

तीन दिवसांच्या विद्येच्या जोरावर मी भिंग घेऊन बसले. तासाभरात चार ठिकाणं लागली. "बाईसाहेब यांचे सेवेसी." मग "बेंगरूळ", म्हणजे बेंगळुरूचं जुनं मराठी नाव. मग "पूर्वेचे दारी". आणि शेवटाकडे "वाट पाहतो".

पुढं वाचायची गरज काय? अकरा कादंबऱ्या लिहिलेल्या बाईला चार शब्द पुरतात! साधा शिपाई. सरदाराची मुलगी, म्हणून "बाईसाहेब". किल्ल्याचा पूर्व दरवाजा. तो रोज उभा. ती येत नाही. माझे डोळे भरून आले.

रात्री जेवताना हे म्हणाले, "हिरवी फाइल उघडलीस का?"

"उघडली की! अहो, सोनं सापडलं सोनं!"

ह्यांचे कान लाल झाले. वरण वाढून घेता घेता वाटी कलंडली. "वाचलंस?"

"शब्दन् शब्द." काय करणार, मोडी येते म्हणून सांगितलेलं ना!

"मग?"

"मग काय? कादंबरीचा शेवट मिळाला. घालतेच."

"कादंबरीत?" हे जरा गोंधळले. मग हलकेच म्हणाले, "बरं. तुझी पद्धत आहे ती."

आठ दिवसांत मी शेवटचं प्रकरण लिहिलं. लिहिताना इतकी रडले की चष्मा तीनदा पुसला. शिपाई पूर्वेच्या दारी उभा राहतो. पावसात, उन्हात, थंडीत उभा. ती सज्ज्यातून दिवा पाहते, पण खाली उतरत नाही. शेवटी तो उभ्या उभ्याच प्राण सोडतो. वा! मी स्वतःवरच खूश.

ह्यांनी ते प्रकरण छापलं आणि खिडकीशी बसून वाचलं. दोनदा वाचलं. पेन्सिल हातात, पण समासात काही लिहीनात.

"तो मरतो?" त्यांनी विचारलं.

"मरतो."

"ती खाली येतच नाही?"

"कशी येईल? तिची कामं मोठी आहेत हो. मागे सगळा पसारा आहे तिच्या."

"पण पत्र तिला पोचलंय ना?"

"पोचलंय, वाचलंय, पाठ आहे. तरी येत नाही. त्यातच तर सगळी मजा आहे!"

ह्यांनी खाली एक बरोबरची खूण केली, कागदाच्या चारही कडा जुळवल्या आणि म्हणाले, "सरी."

कन्नडमध्ये "ठीक आहे" म्हणतात ते "सरी". हे ते फारच थोड्या वेळा म्हणतात. एकदा बढती हुकली तेव्हा म्हटल्याचं मला आठवतं. पण मला वाटलं, प्रकरण पसंत पडलं! मी आनंदात उठून पपनसाची फोड खाल्ली.

आता माझा उत्साह बघा. मंडळाची पुढची बैठक गोविंदराव अण्णांच्याच घरी होती. मी आमच्या सेक्रेटरी विभावरीला फोन केला, "कुणाला सांगू नकोस, अण्णांनासुद्धा नाही. मी एक अज्ञात प्रेमपत्र आणते. अण्णा वाचतील, मी विवेचन करीन." ह्यांना म्हटलं, "चला ना." तर म्हणाले, "आज नको. तू जाऊन ये." चेहरा उतरलेला. म्हटलं, पपनस बाधलं असेल.

रविवारची सकाळ. अण्णांची ओसरी भरलेली, तीस माणसं. मी प्लास्टिकच्या पाकिटातून तो कागद असा काढला, जसा काही देव बाहेर काढतेय! दहा मिनिटं बोलले. त्या शिपायाच्या घराण्यापासून त्याच्या मिशीपर्यंत सगळं सांगितलं. "हा माणूस," मी म्हटलं, "आजच्या नवऱ्यांनी बघावा!" बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग कागद अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी चष्मा लावला. पाहिलं. चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, हे कागद तुमाला कुठं गावलं?"

"तुमच्याच गठ्ठ्यात! तुमच्या घराण्यातला आहे, अण्णा!"

"स्वल्प ऐका माझं. हे इथं नको वाचाया. आत या, घरात बसून वाचू."

"अण्णा, लाजता कशाला? तुमच्या पूर्वजांनी प्रेम केलं, चोरी नाही केली!"

"पूर्वजांचं नव्हं हो ते, अक्का..."

"वाचा!" मी म्हटलं. "इतिहासाला लाज नसते!"

हे वाक्य मला तिथल्या तिथं सुचलं होतं. आता वाटतं, इतिहासाला नसेल, मला तरी असायला हवी होती.

अण्णांनी एक सुस्कारा सोडला आणि वाचायला लागले.

"बाईसाहेब यांचे सेवेसी, आज्ञाधारक सेवकाचा दंडवत. विनंती विशेष. मुक्काम बेंगरूळ. सेवक रोज सायंकाळी पूर्वेचे दारी एक घटका उभा असतो. बाईसाहेब नवव्या मजल्यावर कामात असतात, हे सेवक जाणतो."

ओसरीत चुळबुळ झाली. "नवव्या मजल्यावर?" विभावरी म्हणाली.

"बुरूज असेल," मी लगेच सांगितलं. "नऊ टप्प्यांचा. तेव्हा असत."

"सेवकाची नोकरी गेल्या वर्षी पुरी जाली. आता वेळच वेळ आहे."

"सैन्यातून मुक्त केला त्याला! बघा, पेन्शन नाही, काही नाही!"

"बाईसाहेबांचे गुडघे दुखतात. वैद्यांनी रोज चालावयास सांगितले आहे."

इथं माझा उजवा गुडघा आपोआप ठणकला. तरीही, ऐका, तरीही मी म्हटलं, "घोडेस्वारी करत असणार बिचारी!" कधी कधी वाटतं, बुद्धी ही वस्तू माझ्या वाट्याला आलीच नाही.

अण्णा थांबले. मी म्हटलं, "पुढं?" अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"पपनस सोलून... फ्रिजमध्ये... डावे कप्प्यात ठेविले आहे. खाऊन घ्यावे."

फ्रिजमध्ये!

मागून एक खुसखुस आली आणि मग सगळी ओसरी उधळली. एक आजोबा खुर्चीवरून घसरायचे बाकी राहिले. विभावरी पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. मी उभीच. कुठल्या बुरुजावरून उडी मारावी, तेवढंच बघत होते.

अण्णा मात्र हसले नाहीत. "अक्का, शेवटचं दोन ओळी राहिल्यात. वाचू का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच ठाऊक नव्हतं.

"कादंबरीतील नायक बोलतात तैसे सेवकास बोलता येत नाही. चालता येते. एकदा बरोबर यावे. सेवक वाट पाहतो. बहुत काय लिहिणे, हे विनंती."

आता कुणीच हसत नव्हतं.

अण्णा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलले. "श्रीधरराव धा महिनं आले माझ्याकडं मोडी शिकाया. दर मंगळवारी. अक्षर लई अवघड जायचं त्यांना. मी इचारलं, या वयात कशाला? तर म्हटले, बायकोला मोडी येती. तिला तिच्या भाषेत लिवायचं हाय. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात भिजवून सुकवला. तीन कागद फाटले, चवथा हा."

चहा! तो गेल्या जन्मीचा वास! अहो, रोज सकाळी सहाला मी तोच चहा पिते!

जेवायला थांबले नाही. टॅक्सीत बसले. के. आर. पुरमच्या पुलाखाली गाडी अडकली ती अडकलीच, आणि मला एकेक गोष्ट आठवायला लागली. रोज संध्याकाळी साडेपाचला हे बूट घालून दारात उभे राहत. "येतेस?" मी न बघता म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं, एवढा परिच्छेद संपवते." आणि त्या परिच्छेदात काय असायचं? कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असायचं! वीस वर्षं मी वाट पाहणारी माणसं लिहिली आणि घरातलं एक माणूस मला दिसलं नाही. माझं मलाच इतकं वाईट वाटलं की ड्रायव्हरनं आरशातून बघून एसी वाढवला.

वर त्यांनी विचारलं होतं, "ती खाली येतच नाही?" आणि मी काय उत्तर दिलं होतं? "त्यातच तर सगळी मजा आहे!" त्यांना ते माझं उत्तर वाटलं. बायको लेखिका, पत्राला प्रकरणातून उत्तर दिलं! आणि वर त्या माणसाला दारात उभ्या उभ्या मारून टाकला!

आमच्या सोसायटीचं पूर्वेचं फाटक म्हणजे गेट नंबर दोन. टॅक्सी तिथंच सोडली. हे नव्हते. वॉचमन नागराजला विचारलं, "साहेब इथं उभे राहतात ना रोज?"

"राहते थे, मॅडम. अब आठ-दस दिन से नहीं आते." त्यानं आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "मैं कुर्सी देता था, बैठते नहीं थे. बोलते थे, वो आएगी तो उसको दिखना चाहिए. घड़ी देखके चौबीस मिनट खड़े रहते थे, फिर अकेले जाते थे."

चोवीस मिनिटं. एक घटका म्हणजे बरोबर चोवीस मिनिटं. माझ्या कादंबऱ्यांत घटका म्हणजे कधी पाच मिनिटं असते, कधी अर्धी रात्र. ह्यांनी मोजली होती.

लिफ्टमध्ये एक वाक्य जुळवलं होतं. चांगलं होतं, माझ्या नायिकेला शोभेल असं. दार उघडलं. हे टेबलापाशी बसून पपनस सोलत होते. माझं वाक्य जागेवरच विरघळलं.

"लवकर आलीस?" हे म्हणाले. "जेवलीस का?"

"बूट घाला."

"कुठं जायचंय?"

"पूर्वेच्या दारी."

हातातली फोड तशीच राहिली. मग अगदी गंभीरपणे, समासात लिहितात ना, त्याच आवाजात म्हणाले, "पण तो तर मेला ना? पान तीनशे बारा."

"जिवंत करते!" मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम. "अहो, मी पत्र वाचलंच नव्हतं! मला चारच शब्द लागले. मोडी येत नाही मला. कधीच येत नव्हती. थापा मारल्या मी सगळ्यांना!"

मला वाटलं, आता बोलतील. दहा महिने, दोन बस, तीन फाटलेले कागद. बोलायचा हक्कच होता त्यांना. पण ह्यांनी हात धुतले, पुसले, बूट घातले, आणि विचारलं, "गॅस बंद आहे ना?"

त्या दुपारीच आम्ही गेट नंबर दोनमधून बाहेर पडलो. दोन घटका चाललो. हे फारसं काही बोलले नाहीत, आणि पहिल्यांदाच मला कुणी बोलावं असं वाटलंही नाही. नागराजनं दुरूनच सलाम ठोकला.

कादंबरीचा शेवट बदलला. शिपाई जगतो. प्रकाशक म्हणाले, "शेवट जरा साधा झालाय." म्हटलं, होऊ दे.

पण मला चैन पडेना. पत्राला उत्तर द्यायला नको? आता मंगळवारी देवनहळ्ळीला आम्ही दोघं जातो. अण्णा मला मोडी शिकवतात, आणि हे शेजारी बसून माझ्या वहीत पेन्सिलीनं खुणा करतात. दहापैकी चार, कधी पाच. सहा महिन्यांनी मी एक उत्तर लिहिलं. चार ओळी. अकरा कादंबऱ्यांत मिळून लिहिलं नसेल इतकं मन लावून लिहिलं. आठ दिवस लागले. चहात भिजवून वाळवलं, आणि गुपचूप ह्यांच्या पेपराच्या घडीत ठेवलं.

सकाळी स्वयंपाकघरातून चोरून पाहत होते. ह्यांनी कागद उचलला. वास घेतला. चष्मा लावला. उजेडात धरला. आडवा केला. मग उलटा केला.

शेवटी मोठ्यांदा हाक मारली, "अगं, इकडं ये जरा! अण्णांच्या गठ्ठ्यातून चुकून एक मूळ कागद आलाय बहुतेक. फारच जुना दिसतोय. एक अक्षर लागत नाही बघ!"